दुकान वाढवतो

आमच्या घरात काही शब्दांना मज्जाव होता. 'मेला' हा तर उंबऱ्याच्या आत येऊच शकत नसे, पण 'संपलं', 'फुटलं', 'विझलं', 'बंद' हे त्याचे भाऊबंदही मायच्या कानावर पडले की ती हातातलं काम टाकून माझ्याकडे अशी बघायची की पुढचा शब्द घशातच राहावा. डब्यातले तांदूळ संपायचे नाहीत, ते 'वाढायचे'. कुंकू वाढायचं, हातातली बांगडी वाढायची, नारळ वाढवायचा, आणि दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. लहानपणी मला प्रश्न पडायचा, घरात एवढं सगळं रोज वाढतंय, तर डबा रिकामा कसा? एकदा विचारलंही. मायनं पाठीत एक धपाटा दिला आणि कारण नंतर सांगितलं. "वास्तू तथास्तु म्हन्ते वं. कोन्त्या घडीले म्हनन, नेम नाई. तोंड सांभाळून बोलत जाय."

तो वास्तुपुरुष मला स्पष्ट दिसायचा. चुलीमागच्या जमिनीखाली पालथा पडलेला, एक कान वर केलेला म्हातारा. त्याला बरंवाईट कळत नाही, समोर येईल त्या कागदावर शिक्का मारणाऱ्या कारकुनासारखा तो जे ऐकेल त्याला तथास्तु म्हणतो. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या वासरानं वाफ्यातली झेंडूची अख्खी रोपं खाल्ली. ती रोपं मी लावली होती. मी चुलीपाशी उभी राहून रडत ओरडले, "मरत कावून नाई हे एखादं!" चौथ्या दिवशी वासरू गेलं. बाबा म्हणाले, त्यानं कोवळी ज्वारी खाल्ली, कोवळ्या ज्वारीनं जनावर फुगतं. आज मला ठाऊक आहे की बाबांचं खरं होतं. पण त्या दिवशी माय माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यानं जे केलं ते पुढे दोन पदव्यांनाही नीट पुसता आलं नाही. मी भित्री झाले. बोलताना शब्द चाचपून बघणारी, अर्धं वाक्य गिळणारी.

आम्ही वलगावचे, फुलांचे माळी. शेवंती, झेंडू, गलांडा, थोडा निशिगंध. पहाटे ओली फुलं खुडायची, ओल्या गोणपाटात बांधायची आणि उजाडायच्या आत अमरावतीला देवीच्या देवळाबाहेर आमच्या जागेवर पोचायचं. बाबा हार गुंफायचे, मी सुटी फुलं वाटे लावून मांडायची. हार घेणारा माणूस नुसता हार घेत नाही. त्याला देवीपुढे जायच्या आधी कोणाला तरी सांगून बघायचं असतं, जसं परीक्षेआधी आपण धडा घोकतो. सुनेला मूल नाही, पोरगं बोलत नाही, नवरा रोज पिऊन पडतो. बाबा सुईतला दोरा ओढत ऐकायचे, मान वर न करता. बोलून झालं की एक शेवंतीचं फूल जास्तीचं टाकायचे. "हे तुह्याकडून वाह्यजो," एवढंच म्हणायचे. आणि देवळातली मुख्य गर्दी ओसरली, फुलं मलूल व्हायला लागली की साडेदहा-अकराच्या सुमाराला उठून कंबर सरळ करत म्हणायचे, "चाल निमे, दुकान वाढव." म्हणजे गोणपाट झटकायचं, टोपल्या एकात एक घालायच्या आणि घरी जायचं. हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा ऐकलं असेल, देव जाणे. म्हणून तर पुढे जे झालं त्याची लाज अजून जात नाही.

त्या जागेवर बसूनच माझ्या डोक्यात ते दुहेरी शिक्षणाचं खूळ शिरलं. अमरावतीला मी धर्म आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करत होते. तिथे पाठक सर म्हणून होते, खादीचा सदरा, खिशाला शाईचा डाग, स्वतः वर्ध्याकडचे. त्यांना कोणीही घरी येऊन आपलं दुःख सांगायचं, कारण धर्म शिकवणारा माणूस म्हणजे उत्तर देणारा माणूस असा लोकांचा समज. एकदा सर मला म्हणाले, "निर्मला, मला गीता येते, उपनिषदं येतात. पण परवा एक बाई माझ्यासमोर तासभर रडली आणि मला कसं बसायचं तेच समजलं नाही. मी श्लोक म्हटला. तिनं नमस्कार केला आणि तसंच दुःख घेऊन गेली." त्याच वर्षी अकोल्याच्या एका रुग्णालयात मानसोपचार विभागाकडून समुपदेशनाची पदविका सुरू झाल्याचं कळलं. आठवड्यातले दोन दिवस तिथे, बाकीचे अमरावतीत. सरांनीच अर्ज भरायला लावला. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हंजे चार दिवस देवाचं आन् दोन दिवस येड्याइचं?" माय म्हणाली, "येडे म्हनू नोका घरात." झालं, परवानगी मिळाली.

अकोल्याच्या त्या दोन दिवसांची भीती मला आदल्या संध्याकाळपासून सुरू व्हायची. माय डब्यात भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी द्यायची, आणि मी दुपारी कोपऱ्यात पाठ फिरवून खायची, कारण बाकीच्यांच्या डब्यात पोळ्या असत. आम्हाला शिकवणाऱ्या गोखले मॅडम पुण्याच्या, हुशार आणि सरळ. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "मी लिहून राहिली, मॅडम," आणि वर्ग हसला. मॅडमही हसल्या, वाईट हेतूनं नव्हे. पण मी त्या दिवसापासून रुग्णालयाच्या फाटकाशी आपली बोली काढून ठेवायला लागले, देवळाबाहेर चपला काढतात तशी. आत पुस्तकी मराठी बोलायची आणि पुस्तकीच ऐकायची. ऐकण्याचीही बोली बदलते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

तिथे एक प्रश्न होता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. खचलेला माणूस समोर आला की त्याला थेट विचारायचं, जीव द्यायचा विचार मनात येतो का? आडून नाही, गोल गोल नाही, सरळ, त्याच शब्दांत. मॅडम म्हणायच्या, "विचारल्यानं विचार मनात पेरला जात नाही. उलट माणसाला सुटल्यासारखं होतं, की चला, हे बोलता येतं." आम्ही जोड्या करून सराव करायचो. एक रुग्ण, एक समुपदेशक. माझी पाळी आली की मी 'जीव' म्हणायची आणि थांबायची. वर फिरणारा पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि फरशीखाली पालथा पडून कान देणारा तो म्हातारा. रुग्णालय झालं म्हणून काय, छप्पर होतंच ना. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा." मी पुन्हा अडकायची. सातव्या वेळी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी आजतागायत वाचलेलं नाही, पण स्वप्नात बऱ्याचदा वाचलंय.

मग पाठक सरांना विचारलं. शब्दानं घडतं का, सर? वर्गात त्या आठवड्यात शब्दप्रमाणच चाललं होतं, मंत्राचं सामर्थ्य वगैरे, म्हणजे माझ्या भीतीला शास्त्राचाच पाठिंबा. सर चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "हे बघ, तुझ्या आईशी मी भांडणार नाही. पण तुझा वास्तुपुरुष घराखाली दबलेला आहे ना? मग त्याची हद्द छपरापुरती. अंगणात त्याला कोण विचारतो?" आणि हसले. मला राग आला. मी खरं काहीतरी विचारलं होतं आणि सरांनी गंमत केली, असं वाटलं. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि मला कळतं की ती गंमत नव्हती. काही माणसं शहाणपण असं सहज बोलता बोलता देतात, आपल्याला ते पोचायला वेळ लागतो.

सुखदेवभाऊ माझे तिसरे रुग्ण. बार्शीटाकळीच्या बाजारात भाजी विकायचे. पन्नाशीच्या आतबाहेर, टोपी मांडीवर ठेवून बसलेले, हात स्वच्छ धुतलेले पण नखांत माती. बायको जाऊन आठ महिने झाले होते. दोघं मिळून दुकान लावायची, ती मांडायची, हे तोलायचे. लेक रेखा अकोल्यात दिली होती, तीच त्यांना घेऊन आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती. झोप नाही, जेवण नाही, रात्री अंगणात बसून राहतात असं तिनं सांगितलं होतं. माझ्यासमोर तक्ता होता, घरं पाडलेला, ज्यात खुणा करायच्या. मी सगळे प्रश्न शिकवल्याप्रमाणे विचारले. ते एकेका शब्दात उत्तर देत होते. मग मी त्या जीवाच्या प्रश्नाच्या घरावर आले. पंखा फिरत होता. मी म्हणाले, "मनात काही वाईटसाईट विचार येतात का?"

"नाई बा," ते म्हणाले. "वाईट कायले येन?"

मी 'नाही' वर खूण केली. हात हलका झाल्यासारखा वाटला. पुढचा प्रश्न होता, पुढच्या काळाबद्दल काही योजना आहेत का. कारण ज्याच्याजवळ उद्याचा बेत आहे तो उद्यापर्यंत टिकतो, असं आम्हाला शिकवलेलं. सुखदेवभाऊंनी टोपी उलटी केली, सुलटी केली आणि या सगळ्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "उद्या बाजार हाये," ते म्हणाले. "तेवढा करतो, आन् दुकान वाढवतो."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी लिहिलं: व्यवसाय वाढवण्याचा विचार आहे. आशादायक. आणि 'आशादायक' खाली रेघ मारली. ते उठले, नमस्कार केला. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की या. ते म्हणाले, "बरं हाये ताई, जातो." बाहेर रेखा उभी राहिली, मी तिला हसून खूण केली की चांगलं आहे सगळं. ती रडलीच, सुटका झाल्यासारखी. मॅडम त्या दिवशी लवकर गेल्या होत्या. तक्ता मी त्यांच्या टेबलावर ठेवला, वजन म्हणून त्यावर टाचण्यांची डबी ठेवली आणि अमरावतीची बस धरली. खिडकीशी बसून वाटेत मूर्तिजापूरला चहासुद्धा प्याले. इतकी खूश होते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर देवळाबाहेर. सणवार नव्हता, गर्दी बेताची. शेवंती बरीच उरली होती. बाबांनी सुई अंगातल्या बंडीच्या काठाला टोचली, उठले, कमरेवर हात ठेवून पाठ ताणली आणि म्हणाले, "चाल निमे, दुकान वाढव."

मी टोपली उचलली आणि तशीच उभी राहिले. उद्या बाजार करतो आन् दुकान वाढवतो. जो माणूस 'बंद' म्हणत नाही, ज्याच्या घरी कुंकू आणि बांगड्या वाढतात, तो दुकान वाढवतो म्हणाला. आणि येतो म्हणाला नव्हता, जातो म्हणाला होता. आपल्यात कोणी उंबऱ्यातून जातो म्हणतं का? त्याला त्याच्या तोंडानं जेवढं सांगता येत होतं तेवढं सगळं त्यानं मला सांगितलं होतं. आणि माळ्याची पोरगी, जन्मभर हेच वाक्य ऐकून टोपल्या आवरणारी, हिनं त्याखाली रेघ मारून आशादायक लिहिलं.

"काय झालं वं?" बाबा म्हणाले. "घेरी आली का?"

"बाबा, मले अकोल्याले जा लागते. आत्ताच्या आत्ता."

"आज तुहा अकोल्याचा दिवस नोहे."

"माह्या हातून एक मानूस..." मी म्हणाले आणि पुढचा शब्द आलाच नाही. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काहीही न विचारता कनवटीची सुटी नाणी-नोटा माझ्या मुठीत दिल्या. "जाय," म्हणाले. मग लगेच स्वतःला सावरून, "जाय म्हन्जे, जाऊन ये."

बसस्थानकाजवळच्या बूथवरून मॅडमच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. विभागात लावला, सुट्टी होती, तोही वाजत राहिला. रेखाच्या घरी फोन नव्हता, पत्ता होता तो तक्त्यावर, आणि तक्ता टेबलावर, डबीखाली. मला फक्त एवढं आठवत होतं: बार्शीटाकळी, बाजारात भाजी. त्या बसमधले तीन तास मी पुढे अनेकांना समजावून सांगायचा प्रयत्न केलाय, जमत नाही. बडनेऱ्याला गाडी थांबली, संत्र्यांची टोपली घेऊन एक बाई चढली, तिला सुट्ट्यावरून कंडक्टरशी भांडायला पाच मिनिटं लागली, आणि मला वाटलं या पाच मिनिटांत तो गेला. मूर्तिजापूरला रेल्वे फाटक बंद. तिथे पुन्हा गेला. मी मनातल्या मनात देवीला म्हणत होते, वास्तुपुरुषाला म्हणत होते, त्याला म्हणायचं काय ते तर माहीत नव्हतं, एवढंच की मी काही बोलले नाही, बघ, मी शब्दही उच्चारला नाही, तर तुला तथास्तु म्हणायला काय कारण? आणि मग लक्षात यायचं की हाच माझा गुन्हा आहे, मी बोलले नाही. भीतीला दोन्हीकडून तोंड असतं हे मला तेव्हा समजलं. अकोल्याला उतरून काळी-पिवळी धरली. ड्रायव्हर सीट भरल्याशिवाय निघेना. मी म्हणाले, चार सीटचे पैसे मी देते, चाल भाऊ. बाबांचे पैसे तिथेच गेले.

बार्शीटाकळीला पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बाजार अर्धा उठलेला. सुखदेवभाऊंची जागा कोणती, विचारत विचारत गेले. ताडपत्री घडी घालून ठेवलेली, टोपल्या पालथ्या. पालथ्या टोपल्या बघून वाटलं, उशीर झाला. शेजारी एक म्हातारी मिरच्या निवडत बसली होती.

"सुखदेवभाऊ?" मी म्हणाले.

"गेला घरी. लवकर गेला आज." तिनं पुढ्यातल्या लोखंडी तराजूवर हात ठेवला. "हा मले देऊन गेला. म्हने, आत्या, तुमचा वाकडा झाला, हा वापरा. मी म्हनलं, तुले नाई लागत काय रे? तं म्हने, मी आता दुकान वाढवतो." मग ती थांबली. हातातली मिरची खाली ठेवली. मला वाटतं, त्या क्षणी तिनंही ते वाक्य पुन्हा ऐकलं. "माय माय," ती हळूच म्हणाली. "तिकडे जाय, पोरी. त्या लिंबाच्या झाडाचं घर. पय."

मी पळाले. दार लोटलेलं होतं. कडी वाजवली, हाक मारली. आतून काही आवाज नाही. मग पुन्हा, मोठ्यानं. आणि ते आले. नुकतीच आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. जिवंत. मला उभ्या उभ्या रडू आलं, पण रडायची वेळ नव्हती. मागे घर दिसत होतं, झाडून लख्ख केलेलं, भांडी उताणी न ठेवता पालथी घातलेली, देवापुढे दिवा. त्यांनी मला ओळखलं आणि ओशाळले, घरी पाहुणा आला आणि दूध नाही अशा माणसासारखे.

"या ना ताई, अंदर या. चहा मांडतो."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. पाय उचलला. आणि वर छप्पर बघितलं, टिनाचं, काळं पडलेलं. आत गेले तर मी पुन्हा 'वाईटसाईट' म्हणेन आणि ते पुन्हा 'नाई बा' म्हणतील, हे मला जसं काही समोर दिसलं. तिथे पाठक सरांची ती गंमत आठवली. विचार करून आठवली नाही, पायाला आठवली म्हणा. मी पाऊल मागे घेतलं.

"भाऊ," मी म्हणाले, आणि माझ्या तोंडातून माझीच बोली आली, फाटकाशी काढून ठेवलेली, "तुमी बाहेर या. अंदर नोको. इथं लिंबाखाली बसू."

"कावून?"

"मले एक इचाराचं हाये. थे घरात इचारत नाईत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग छपराकडे. मग उंबरा ओलांडून बाहेर आले, आणि आम्ही दोघं लिंबाखाली जमिनीवर बसलो. वर पानं होती, त्याच्यावर नुसतं आभाळ. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"सुखदेवभाऊ, तुमी जीव द्याचं ठरवलं काय?"

कावळा ओरडत होता. कोणाच्या तरी घरी कांदा फोडणीला पडला होता, त्याचा वास येत होता. जमीन फाटली नाही. कोणी तथास्तु म्हटलं नाही.

"हो," ते म्हणाले. "आज." आणि मग, इतक्या साध्या आवाजात की मला तो अजून ऐकू येतो, "काल तुमाले सांगाचं होतं. पन थे दवाखान्याचं छप्पर होतं ना, ताई. म्हनलं, पोरीच्या कामाच्या जागी कायले अभद्र बोला?"

ते माझी काळजी घेत होते. मरायला निघालेला माणूस माझ्या वास्तूला जपत होता. यावर काय बोलावं हे ना अमरावतीत शिकवलं होतं, ना अकोल्यात. मी रडले. मग तेही रडले, आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग बोलत राहिले. बायको मेथीच्या जुड्या कशी बांधायची, तोलताना काटा गिऱ्हाइकाकडे झुकवायचा म्हणून कशी भांडायची, आणि आता टोपली मांडायला बसलं की शेजारची जागा कशी अंगावर येते. उन्हं उतरेपर्यंत बोलले. मी मध्येमध्ये सरळ विचारत होते, शिकवलं होतं तसं, सगळं. उघड्यावर विचारता येत होतं. शेवटी ते उठले, आत गेले, आणि एक वस्तू घेऊन बाहेर आले नि माझ्यासमोर ठेवली. ती काय होती ते मी कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. ती मी माझ्या पिशवीत घातली. मग मिरच्यावाली आत्या तराजू घेऊन आली आणि अंगणात बसली, आणि तिच्या ओळखीच्या जीपनं आम्ही दोघी त्यांना अकोल्याला घेऊन गेलो, आधी रेखाकडे, मग तिच्यासह दवाखान्यात. ते तिथे काही आठवडे राहिले, औषधं सुरू झाली.

मॅडमना मी सगळं सांगितलं, रेघ मारलेल्या शब्दासकट. वाटलं, काढून टाकतील. त्यांनी तक्ता वाचला. म्हणाल्या, "दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं हे मला माहीत असून मीही 'आशादायक' वाचून पुढे गेले असते, निर्मला. तुला निदान ऐकू आलं." मग त्यांनी शिपायाला दोन खुर्च्या बाहेर चिंचेखाली ठेवायला सांगितल्या. त्या अजून तिथे आहेत की नाहीत, माहीत नाही. माझ्या स्वतःच्या दाराबाहेर मात्र दोन खुर्च्या आहेत, गेली कित्येक वर्षं, पावसाळ्यात त्यांना गंज चढतो आणि दर दिवाळीला मी रंग देते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मोबाइलमध्ये तक्ता भरतात आणि मनातल्या मनात मला जुनाट म्हणत असतील. म्हणू देत. मायला मी हे सगळं कधीच सांगितलं नाही. एकदा फक्त एवढंच विचारलं, वास्तू अंगणात ऐकते काय वं? ती पीठ मळत होती. "अंगनात देव ऐकते," म्हणाली. "थो समजून घेते." एम.ए.च्या दोन वर्षांत मला धर्माबद्दल याहून नेमकं वाक्य कोणी सांगितलं नव्हतं.

पण शेवटचं सांगायचं राहिलं. भीती जायला मला फार दिवस लागले. सुखदेवभाऊ घरी परतल्यावरसुद्धा बाजाराच्या दिवशी अकोल्याला जाऊन मी बार्शीटाकळीची जीप धरायची, उगीच, भाजी घ्यायच्या निमित्तानं. बाजाराच्या कडेला उभी राहून आधी टोपल्या बघायची, उताण्या आहेत की पालथ्या. अशाच एका दिवशी बाजार उठायची वेळ झाली होती. सुखदेवभाऊंनी तराजू पुसला, तोच जुना, आत्यानं परत केलेला, आणि ताडपत्रीला हात घातला. मी सवयीनं एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी मान वर केली, मला बघितलं आणि मोठ्यानं, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "चला बापा, दुकान बंद करतो!"

मिरच्यावाली आत्या खवळली. "अरे, बंद कावून म्हन्तं, अभद्र? वाढवतो म्हन ना!"

"नाई आत्या," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "थो शब्द ह्या पोरीसमोर नाई बोलाचा. थे भेते."